सणाला उघडणारं चित्र

साताऱ्याहून पाहुण्या म्हणून आलेल्या सासूबाईंना घेऊन मी आम्ही राहतो त्या आयंटहोवनहून जवळच्या डेन बॉशला गेले. पाचशे वर्षांपूर्वी याच गावातल्या हिरोनिमस बॉशने रंगवलेल्या नरकाची प्रतिकृती त्यांना दाखवायची होती. चित्रात पक्ष्याच्या तोंडाचा राक्षस माणसं गिळत होता.

"घाबरू नका हं, आई."

त्या चष्मा लावून अगदी जवळ गेल्या. "याला बिजागऱ्या कशाला?"

"कडेची दारं मिटली की बाहेरून नुसतं शांत, राखाडी चित्र दिसतं. चर्चमधली अशी चित्रं एरवी मिटलेली असायची, सणाला उघडली जायची."

"आपल्या घरी उलट," त्या म्हणाल्या. "सणाला मिटतो."

मला कळेना. लग्नापासून यतीन आणि मी दर वर्षी फक्त गणपतीला साताऱ्याला जातो. सासरे हौसेने मखर करतात, आई लांब बाह्यांच्या ब्लाउजमध्ये हसत मोदक वाढतात.

आईंनी त्याच लांब बाह्या कोपराच्या वर सारल्या. दोन्ही हातांवर जुने, नवे व्रण होते.

"यतीनला सांग, माझं परतीचं तिकीट रद्द कर म्हणावं. यंदा गौरी इथे बसतील."