बाटलीतले बुडबुडे

"हळू फुंका. कढत चहावर फुंकर घालतो तशी," विनता म्हणाली.

रत्नाकरने सलाईनच्या बाटलीतल्या रबरी नळीत फुंकर घातली. पाण्यात चार बुडबुडे आले आणि त्याने नळी खाली टाकली.

"काहून मी एकट्यानंच फुंकावं? तू फुंक आधी."

"कोणासाठी करून राहिली मी हे सगळं?"

असा हा माणूस. वीस वर्षं तोफांच्या कारखान्यात भट्टीपुढे काढलेली. पासष्टची लढाई थांबली तरी बारा तासांची पाळी सुटली नव्हती. आणि घरी हा हट्ट. विनताने कपाळावर हात मारला, नळी पुसली आणि मोजून वीस फुंकरी घातल्या. मग त्याने घातल्या.

गढ्याच्या दवाखान्यातले डॉक्टर भय्यासाहेब म्हणाले होते, छातीचा हा रोग जात नाही, पण सांभाळला तर माणूस चालता-फिरता राहतो. एका घरातली हवा म्हणून त्यांनी दोघांच्याही छातीचे फोटो काढवले होते. तेव्हापासून पथ्यं आणि हा फुंकरींचा व्यायाम विनताच्या गळ्यात. धूर नको म्हणून सिगडी गेली, स्टोव्ह आला. रॉकेलच्या रांगेत मात्र रत्नाकर स्वतः उभा राही. तिने ताकदीची गोळी घेतल्याशिवाय तो आपली गोळी गिळत नसे. तिला स्वतःला खोकला होताच, पण चुलीपुढच्या बाईला तो असायचाच, त्यात दाखवायचं काय?

संध्याकाळी तलावापर्यंत फेरी. बोलता बोलता ती गप्प झाली, की हा हमखास थांबायचा.

"थांब जरा. दम लागला."

"अशानं मी सिहोऱ्याला कशी जाऊ?"

तिथे दिलेल्या लेकीचं, मीराचं दुसरं बाळंतपण आठवड्यावर आलं होतं. पोरीला सासू नाही. विनताचा जीव तिकडे ओढत होता, पण याला टाकून जाववत नव्हतं.

शेवटी ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी जिना चढायला सांगितला.

"एकटा नाही चढत," रत्नाकर म्हणाला.

"चलो वहिनी, तुम्हीही चढा," डॉक्टर हसले. तीनदा चढउतार झाली. त्यांनी दोघांच्याही छातीला तपासायची नळी लावली, बराच वेळ ऐकलं.

"जा वहिनी सिहोऱ्याला. खुशाल जा."

विनताचे डोळे भरून आले. "आणि हे?"

"स्टोव्ह ने, बाटलीही ने," रत्नाकर म्हणाला. "तू तिथं फुंकलीस तरच मी इथं दुसऱ्या बाटलीत फुंकेन. घे माझी शपथ."

"घेतली बाई," म्हणत पदराने डोळे पुसत ती टांगा बघायला खाली उतरली.

"अब तो बता दो भैया," डॉक्टर रत्नाकरला म्हणाले.

"नको जी. माझ्यासाठी म्हणून तरी करते. स्वतःसाठी तिनं कधी चहासुद्धा गरम करून घेतला नाही."

डॉक्टरांनी टेबलावरचे दोन्ही फोटो उचलले. विनताचा आपल्या खणात ठेवला आणि दुसरा रत्नाकरच्या हातात दिला.

"हा घेऊन जा. तुमच्या छातीत कधी काही नव्हतंच."