भाडेकरूचं तोंड पाहू नये

शेवटी भाडेकरूने खोली सोडली नाही. पण हे आधीच सांगून उपयोग नाही. तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून आपणही ऐकलं नाही असं समजू.

तर, भाडेकरूला काढायचं ठरलं होतं.

"पार्टी चांगली आहे हो," एजंट म्हणाला. "भाडं वेळेवर. भिंतीला साधा खिळा नाही. अशी पार्टी दिवा घेऊन शोधलीत तरी मिळायची नाही."

"शिकवणीवाला दीडपट देतोय," शेठ म्हणाला. "त्यातून आणखी एक खोली घेतली तर तिचा हप्ता सुटतो."

शेठ हे नाव वडिलांनी ठेवलेलं. पोराने चोविसाव्या वर्षी पगारावर कर्ज काढून तिसऱ्या मजल्यावर एक खोली घेतली, तेव्हापासून. खोली म्हणजे एक खिडकी, एक ओटा आणि मोरी. शेठ स्वतः आईवडिलांकडेच राहायचा. स्वतःच्या गुंतवणुकीत राहणं हा शुद्ध मूर्खपणा, असं त्याला श्रीमंत होण्याच्या कोर्समध्ये शिकवलं होतं.

त्याच कोर्सचा पहिला नियम: भाडेकरूचं तोंड पाहू नये. तोंड पाहिलं की दया येते, आणि दया आली की भाडं वाढत नाही. शेठने नियम इतका मनावर घेतला, की करारावर सही करताना त्याने भाडेकरूचं नाव डाव्या हाताने झाकून घेतलं. एजंटने धंद्यात बरंच पाहिलं होतं, पण हे नव्हतं पाहिलं.

"साहेब, नाव एकदा वाचून तरी—"

"सांगायचं नाही."

एजंटने नाही सांगितलं. दलाली मिळाल्यावर तो फार बोलत नसे.

पार्टीच्या मागण्या त्याच्यामार्फतच यायच्या. पहिली, दारावरची बेल काढून टाकावी. दुसरी, गॅसची जोडणी नको, इथे स्वयंपाक होणार नाही. शेठ खूश झाला. भिंती काळ्या होणार नव्हत्या. रखवालदाराकडून कळलं, की पार्टी फक्त दुपारची असते. सामान म्हणजे एक आरामखुर्ची. पाहुणे नाहीत, आवाज नाही.

"मग करतो काय तो आत?"

"खालचा शिंपी म्हणतो, नोटा छापत असणार," एजंट म्हणाला आणि उगाच खोकला.

"छापताना आवाज होतो," शेठ म्हणाला. त्याने याचाही विचार करून ठेवला होता.

घरी तो रोज संध्याकाळी आईला गुंतवणुकीचे धडे द्यायचा. वडिलांना देता येत नसत, ते टीव्हीचा आवाज वाढवायचे. आई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. उभा जन्म दुसऱ्यांचे फोन जोडून देण्यात गेलेला. हल्ली ती वाचनालयात जायची आणि संध्याकाळी ताजीतवानी होऊन परत यायची.

"आई, चार्जर कुठंय? आई, तू ऐक, पैसा झोपता कामा नये. तो सतत राबला पाहिजे. आई, माझा टॉवेल?"

"दोरीवर आहे. आणि पैसा नाही झोपायचा, बरं. माणूस झोपला तर चालतं का?"

"अगं, माझा चष्मा?" वडिलांनी आतून विचारलं.

"तुमच्या कपाळावर," आई न बघताच म्हणाली.

मध्यंतरी एकदा तिने आपणही पेन्शनचे पैसे गुंतवल्याचं सांगितलं होतं. शेठला अभिमान वाटला. कशात, हे मात्र त्याने विचारलं नाही. त्याच्याकडे स्वतःचंच सांगण्यासारखं खूप होतं.

खोली रिकामी करायचा निरोप पोचवायला एजंटने साफ नकार दिला. "हे मला सांगवणार नाही. तुमचं तुम्ही सांगा. हवी तर माझी दलाली परत घ्या."

दलाल दलाली परत देतोय हे पाहून शेठला पहिल्यांदाच जरा भीती वाटली. त्या संध्याकाळी त्याने तालीम करायचं ठरवलं.

"आई, तू जरा भाडेकरू हो."

आई हातातली भाजी निवडायची थांबली. "म्हणजे?"

"खोटं खोटं गं. मी बोलतो, तू ऐक." त्याने घसा साफ केला. "नमस्कार. आपल्याला महिनाअखेर खोली रिकामी करावी लागेल."

आई पुन्हा भाजी निवडू लागली. टीव्हीवर कुणीतरी जिंकत होतं.

"काहीतरी बोल ना."

"मग मी कुठे जाऊ?"

"शाब्बास! अगदी असंच म्हणेल तो. मी म्हणणार, आपलं घर असेलच की कुठेतरी."

"घर आहे," आई म्हणाली. "म्हणूनच तर खोली घेतली."

"हे तो नाही म्हणणार. उगाच नाटक वाढवू नकोस. आई, उद्याचा शर्ट इस्त्री केलास?"

दुसऱ्या दिवशी शेठने अर्धी रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि दुपारी तिसरा मजला चढला. बेल नव्हती. हे काम आपण स्वतःच्या खर्चाने केलंय, हे आठवून तो जरा चिडला. वाक्यं पाठ होती. नियम मोडणार होता, पण तोंड न बघता बोलायचं, नजर दाराच्या चौकटीवर ठेवायची, असंही त्याने ठरवलं होतं.

त्याने दार वाजवलं. आत खुर्ची करकरली. कुणीतरी झोपेतून उठल्यासारखं सावकाश चालत आलं. कडी निघाली, दार वीतभर उघडलं.

चौकटीवरची नजर घसरली. "नमस्कार" हा शब्द त्याने रात्रभर घोटला होता. तोंडातून निघाला तो दुसराच.

दाराआडून एक सुस्कारा ऐकू आला. मग फोन जोडून देणाऱ्याच्या स्वच्छ, सरकारी आवाजात सांगण्यात आलं:

"मालकांना नम्र विनंती आहे, की दुपारी दोन ते पाच या वेळेत त्यांनी भाडेकरूला 'आई' अशी हाक मारू नये."