हिरवे दिवे
साकीनाक्याच्या सिग्नलला रिक्षा अडकली आणि मला आठवलं, सर्टिफिकेट बदलायचं राहिलंय, मुदत कालच संपलीय. लॅबमधून पेशंटचे रिपोर्ट पुढे पाठवणारे आमचे सर्व्हर आधी एकमेकांचं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखपत्रच, तपासतात, आणि मुदत संपलेली दिसली की बोलणंच बंद करतात. आज आपली वाट लागली, म्हणत मी धापा टाकत ऑफिसात शिरले, तर भिंतीवरच्या स्क्रीनवर सगळे दिवे हिरवे. रिपोर्ट मजेत चालले होते. ते बघून मला जास्तच घाम फुटला. "कृणाल, हे बंद कसं नाही पडलं रे?" ही सिस्टीम पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर उभी करणारा कृणाल चहात बिस्किट बुडवत म्हणाला, "अगं, ती तपासणी मी कधीच बंद करून ठेवलीय. सारखी कटकट व्हायची. चालतंय ना सगळं?" मधे कोणी घुसून रिपोर्ट वाचू शकणार नाही, असं लॅबच्या मॅडमना मी छातीठोकपणे सांगत होते, तेव्हा हा माझ्या शेजारी बसून मान डोलवत होता. दरवेळी सर्टिफिकेट बदलायला मी रविवारी यायचे, तेव्हा सोबत म्हणून हाही यायचा. मी खुर्ची ओढली आणि तपासणी परत चालू केली. दिवे पटापट लाल झाले. केबिनमधून सर ओरडतच बाहेर आले, "कोणी बंद पाडलं हे?" मी तोंड उघडायच्या आत कृणाल म्हणाला, "विनितानं, सर. सर्टिफिकेट बदलायला विसरली."