घरचं काम

छताचा तुकडा सासऱ्यांच्या उशीवर पडला, तेव्हाच चारुशीलाने ठरवलं, आता लायसन असलेलाच ठेकेदार पाहायचा. म्हणून ती या ठेकेदाराच्या बंगल्यावर आली होती. तो लॅमिनेशन केलेल्या लायसनवर तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी घासत म्हणाला, “पाहून घ्या मॅडम, सरकारी शिक्का हाये. डोळे मिटून काम द्या.” अंगणात एक म्हातारा मिस्त्री ठेकेदाराच्याच वरच्या मजल्यासाठी एकदा चाळलेली वाळू पुन्हा चाळत होता. “हा तुमचाच माणूस का?” तिने विचारलं. “छे! आमचे पोट्टे साइटवर. हे घरचं काम हाये ना, इथं आमची लेकरं झोपतेत. म्हणून याले खापा गावाहून बोलावलं. लायसन नाही याच्याजवळ, पण मालात मिलावट नाही.” हसून तो तिथेच थुंकला. ती उठली, थेट मिस्त्रीपाशी गेली. “बाबाजी, आमच्याही घरी माणसंच झोपतात. याल का?”