चौतिसावी खेळी

दोन्ही पोरींनी हात मिळवले आणि बुद्धिबळाचा अंतिम डाव संपला. मी भाचीला तडक बाजूच्या खोलीत घेऊन गेले. स्पर्धेत मी तिची कोच, मावशी घरी गेल्यावर. पटावर सोंगट्या पुन्हा मांडल्या, मोबाइलवर डाव तपासला आणि माझं डोकंच फिरलं.

"चौतिसाव्या खेळीला हार मानलीस? अगं, डाव चक्क बरोबरीत होता! हात पुढे करायची एवढी कसली घाई?"

"तिचा चेहरा बघून वाटलं गं, मावशी. तिला नक्की काहीतरी जबरदस्त चाल सापडली असणार."

"तू तिचा चेहरा वाचत बसलीस. मग पट कोणी वाचायचा, मी?"

पलीकडच्या टेबलावर त्या दुसऱ्या पोरीचे वडील पटावर बोट आपटत तिला फैलावर घेत होते. पोरगी अगदी रडकुंडीला आली होती. जिंकूनही बोलणी खायची! काही आईबापांचं कशानेच समाधान होत नाही बाई, असं मी मनात म्हटलं.

तेवढ्यात पंचबाई आत आल्या. दोघींनी निकाल लिहून, सही करून दिलेले कागद त्यांच्या हातात होते. त्यांनी एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा त्या बापलेकीकडे, आणि कपाळाला हात लावला.



"पोरींनो, विजेती म्हणून दोघींनीही समोरचीचं नाव लिहिलंय! आता करंडक देऊ कुणाला?"