कॅमेरा फक्त दाखवतो

टाकीत सोडलेल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर औषधाचे चपटे स्फटिक दिसले आणि केतकीच्या तोंडचं पाणी पळालं. टाकीत हवे होते सुईसारखे. चपट्यांची गोळी पोटात विरघळतच नाही. होसकोट्याच्या कारखान्यातली अख्खी बॅच मातीमोल!

"आईशप्पथ मॅडम, टाकी थंड करताना मी जरासुद्धा घाई केली नाही," शिवलीला रडवेली झाली होती. नवी इंजिनियर, बेळगावकडची. टाकी तिच्या ताब्यात होती; घाईनं थंड केली की स्फटिकांचा आकार बिघडतो.

अगदी असंच नागराज म्हणाला होता. गेल्या उन्हाळ्यात, कंपनीच्या जुन्या कारखान्यात, त्याच्या टाकीतली बॅच अशीच वाया गेली तेव्हा. केतकीला हे काम हाताला धरून शिकवणारा नागराज! "अक्का, तुमचा कॅमेरा टाकीत उतरेपर्यंत असलं कधी झालं नव्हतं बघा," तो भर मीटिंगमध्ये म्हणाला आणि हशा पिकला. केतकीही हसली. "कॅमेरा फक्त दाखवतो हो, करत काही नाही," ती म्हणाली. झालं! त्या एका वाक्यावर सगळा दोष नागराजच्या माथी आला आणि त्याची नोकरी गेली. पुढे कुठल्या औषध कंपनीनं त्याला दारात उभं केलं नाही.

केतकीनं कॅमेरा बाहेर काढला. तोच, तिकडून इकडे आणलेला. भिंग ती नेमानं पुसायची. भोवतीची रबरी रिंग मात्र आज पहिल्यांदाच उचकटली. आत पांढरी पूड होती, चिमूटभरही भरणार नाही एवढीशी. तिनं ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. कण न् कण चपटा!

नागराजच्या टाकीत सोडण्याआधी लॅबमध्ये तिनं हा कॅमेरा मुद्दाम चपट्या स्फटिकांवरच तपासून घेतला होता, त्याला ते ओळखता येतात का हे बघायला. दुधाला चमचाभर विरजण पुरतं, तसा इथं एक कण पुरतो. सगळी टाकी त्याच्याच वळणावर जाते. हे तिला शिकवलं कुणी? नागराजनंच. अरे देवा! तिला स्वतःचीच शिसारी आली.

फोन वाजू लागला. मोठे साहेब. खरं सांगावं, तर दोन्ही कारखान्यांचं खापर तिच्याच डोक्यावर फुटणार होतं. शिवलीला दारात उभी राहून तिच्या तोंडाकडे बघत होती.

केतकीनं रिंग नळाखाली धरली. खसाखसा घासली, पूड पार वाहून जाईपर्यंत. मग हात पुसून फोन उचलला.

"कुणाचं चुकलं?" साहेबांनी विचारलं.

"शिवलीलाचं, सर," ती म्हणाली. "कॅमेरा काय, फक्त दाखवतो."