जॅकखालची फळी

"माणसाने स्वतःच्या पायावर उभं राहावं, टेकू शोधत बसू नये," असं विद्याधरपंतांनी जाहीर केलं आणि त्याच क्षणी त्यांच्या कॅरव्हॅनचा पुढचा जॅक वाळूत वीतभर रुतला. मोटारीपासून नुकतंच सोडवलेलं ते चाकांवरचं घर देवाला नमस्कार करावा तसं पुढे वाकलं.

"आणि म्हणे मी एकटा फिरणार!" त्यांची लेक वृंदा म्हणाली.

फिरायला म्हणून हे घर पंतांनी बायकोबरोबर हौसेने घेतलं होतं. ती महिन्यापूर्वी गेली. पंत रडले नाहीत. लेकीने समुद्रापर्यंत सोडावं आणि संध्याकाळच्या एसटीने परत जावं, एवढंच त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"जॅकखाली फळी हवी होती, बाकी काही नाही," म्हणत ते आत गेले आणि पोळपाट घेऊन आले.

"अहो बाबा, आईचा आहे तो!"

"असू दे. मला कुठे लाटता येतंय?"

दोघांनी दम धरून पुढची दांडी उचलली. हात अडकलेले, म्हणून पंतांनी पोळपाट पायानेच खाली सारला. जॅक टेकला. घर सरळ झालं.

पाय लागला म्हणून पंतांनी सवयीने वाकून पोळपाटाला हात लावला, तो कपाळाला नेला. हात तिथेच राहिला.

"बाबा?"

"काही नाही गं," पंत म्हणाले. "आज राहतेस का? नुसता भात टाक."